संलग्न आलेख आणि जबलपूरचे लोहमार्ग

१८७० सालच्या मार्च महिन्यात जबलपूर येथे दोन लोहमार्ग एकमेकांस मिळाले. ईस्ट इंडियन रेल्वेचा अलाहाबादहून निघालेला फाटा १८६७ मध्येच तेथे येऊन थांबला होता. मुंबईहून भुसावळ, इटारसी अशी वाट काढीत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ आता दुसऱ्या बाजूने येऊन पोहोचले. त्या दिवसापासून मुंबईस गाडीत बसलेला मनुष्य कोठेही सडकेचा आश्रय न घेता कलकत्त्यापर्यंत जाऊ शकला. दोन्ही बाजूंस शेकडो मैलांचे रूळ आधीच टाकलेले होते. परंतु शेवटचा तुकडा पुरा होईपर्यंत त्या दोन वेगळ्या लोहमार्गव्यवस्था होत्या, आणि तो पुरा होताच त्यांची एक झाली. हे जे ‘एक होणे’ आहे त्याचाच विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेची जी प्रसिद्ध कथा १८७३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, तिच्यात याच मार्गावर एक गंमत घडते. वर्तमानपत्रांनी मार्ग पुरा झाल्याचे जाहीर केलेले असते. प्रत्यक्षात खोल्बी नावाच्या एका वस्तीपाशी गाडी थांबते आणि तेथून अलाहाबादपर्यंत रूळच नाहीत असे प्रवाशांस कळते. नायक फिलिआस फॉग हत्ती विकत घेऊन पुढे निघतो. ही कथा १८७२ सालची मानलेली आहे, आणि त्या वर्षी खरा मार्ग अखंड होता. तेव्हा ही त्रुटी कादंबरीकाराने कथेच्या सोयीसाठी निर्माण केली, असे म्हणावे लागते. पण त्याने निवडलेले संकट गणिताच्या दृष्टीने अचूक आहे: हजारो मैलांच्या मार्गातील पन्नासएक मैलांचा एकच दुवा नसेल, तर ‘मुंबईहून कलकत्त्यास जाता येते काय?’ या प्रश्नाचे उत्तर होकारावरून नकारावर येते.

लोहमार्गाचा नकाशा घेऊन त्यातील अंतरे, वळणे, चढउतार पुसून टाकावे आणि स्थानकांसाठी केवळ ठिपके व त्यांना जोडणाऱ्या मार्गांसाठी रेघा ठेवाव्या. जी आकृती उरते तिला आलेख म्हणतात. शाळेच्या पुस्तकात उभ्या-आडव्या अक्षांवर काढतात त्या आलेखाशी याचा काही संबंध नाही. नामसाम्याने वाचकाचा घोटाळा होऊ नये. ठिपक्यांस शिरोबिंदू व रेघांस कडा म्हणू. कोणत्याही दोन शिरोबिंदूंमध्ये फार तर एकच कडा असेल आणि एखाद्या बिंदूपासून निघून त्याच बिंदूला मिळणारी कडा नसेल, तर त्यास साधा आलेख म्हणतात. दोन स्थानकांमध्ये दुहेरी रूळ असले तरी साध्या आलेखात कडा एकच धरावयाची. हे प्रथमदर्शनी अन्यायाचे वाटते. परंतु नदीला पूर येऊन भराव वाहून गेला म्हणजे दोन्ही रूळ बहुधा एकदमच जातात, हे लक्षात घेतले की साध्या आलेखाचा हा हिशेब व्यवहाराशी फारसा विसंगत नाही असे दिसून येईल.

एका शिरोबिंदूपासून कडांवरून चालत दुसऱ्या शिरोबिंदूपर्यंत जाता येत असेल, तर त्या वाटेस पथ म्हणतात. ज्या आलेखात कोणत्याही दोन शिरोबिंदूंमध्ये निदान एक तरी पथ आहे, तो संलग्न आलेख. जो संलग्न नाही तो आपोआप काही तुकड्यांत विभागला जातो. प्रत्येक तुकडा आतून संलग्न असतो, पण एका तुकड्यातून दुसऱ्यात जाण्यास वाट नसते. या तुकड्यांस घटक हे नाव आहे.

आलेख संलग्न आहे की नाही हे लहान आकृतीत डोळ्यांनी दिसते. शंभर स्थानकांच्या यादीत ते दिसत नाही. तेथे पुढील साधी रीत उपयोगी पडते. कोणत्याही एका बिंदूवर शाईचा थेंब टाकावा. त्या बिंदूस कडेने जोडलेले सर्व बिंदू शाईने भिजले असे समजावे. मग त्या भिजलेल्या बिंदूंचे शेजारी भिजवावे, आणि नवा बिंदू मिळेनासा होईपर्यंत हे चालू ठेवावे. शेवटी एकही बिंदू कोरडा राहिला नाही तर आलेख संलग्न. काही कोरडे राहिले तर भिजलेले बिंदू मिळून एक पूर्ण घटक होतो, आणि कोरड्यांपैकी एकावर नवा थेंब टाकून पुढे जावे. १८६८ सालच्या नकाशावर मुंबईस टाकलेली शाई भुसावळ व नागपूर येथवर गेली असती. जबलपूर, अलाहाबाद, दिल्ली व कलकत्ता कोरडी राहिली असती. १८७० च्या मार्चनंतर तोच थेंब या चारही शहरांपर्यंत पोहोचू लागला.

आता १८७० चा तो नकाशा नीट पाहू. मुंबई, भुसावळ, नागपूर, जबलपूर, अलाहाबाद (आजचे प्रयागराज), दिल्ली आणि कलकत्ता असे सात बिंदू घ्यावे. कडा सहा: मुंबई-भुसावळ, भुसावळ-नागपूर, भुसावळ-जबलपूर, जबलपूर-अलाहाबाद, अलाहाबाद-दिल्ली, अलाहाबाद-कलकत्ता. सात बिंदू संलग्न ठेवण्यासाठी सहांपेक्षा कमी कडा चालणार नाहीत. कारण आरंभी सर्व बिंदू सुटे म्हणजे सात घटक असतात, आणि प्रत्येक नवी कडा घटकांची संख्या फार तर एकाने कमी करते. त्या काळच्या अभियंत्यांनी म्हणजे या सात शहरांपुरती कमीतकमी कडांत संलग्नता साधली होती. अशा काटकसरीच्या आलेखास वृक्ष म्हणतात, आणि वृक्षाचा गुण व दोष एकच आहे: त्यातील कोणतीही कडा काढली की आलेख तुटतो.

जी कडा काढली असता आलेखाचे घटक वाढतात तिला सेतू म्हणतात. सेतू ओळखण्याची खूण सोपी आहे. एखाद्या कडेचा समावेश असलेले चक्र, म्हणजे निघाल्या बिंदूला परत आणणारी व वाटेत कोणताही बिंदू दोनदा न घेणारी वाट, आलेखात असेल तर ती कडा सेतू नाही. कारण ती काढली तरी चक्राचा उरलेला भाग वळसा म्हणून उपलब्ध राहतो. उलट, कडा सेतू नसेल तर ती काढल्यावरही तिच्या दोन टोकांमध्ये पथ उरतो, आणि त्या पथाला ती कडा जोडली की चक्र तयार होते. याच धर्तीवर जो शिरोबिंदू त्याच्या कडांसह काढला असता आलेखाचे घटक वाढतात, त्यास छेदबिंदू म्हणतात. १८७० च्या आपल्या नकाशात सहाही कडा सेतू होत्या, आणि भुसावळ, जबलपूर व अलाहाबाद हे तीन छेदबिंदू होते. जबलपूरला मिळालेले महत्त्व अशा प्रकारचे होते. ज्याच्यावाचून दोन किनाऱ्यांचा संबंध तुटतो, असे ते स्थानक होते. हा मान पुढे कमी होत गेला. राजपुतान्यातून अहमदाबाद-दिल्ली मार्ग झाला आणि नागपूरहून पूर्वेकडे निघालेला बंगाल नागपूर रेल्वेचा मार्ग १९०० पर्यंत थेट कलकत्त्याच्या दारात पोहोचला. तेव्हा जबलपूरला न जाताही मुंबई-कलकत्ता प्रवास होऊ लागला. एखाद्या स्थानकाचा मान कमी होणे हे बहुधा जाळ्याचे बळ वाढल्याचे चिन्ह असते.

याच बंगाल नागपूर रेल्वेने सातपुड्याच्या डोंगराळ मुलखात अडीच फुटी नॅरोगेजचे एक स्वतंत्र जाळे उभारले. त्याचा जबलपूर-नैनपूर-गोंदिया हा भाग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला, विशेषतः विदर्भातल्या लोकांना, ती सावकाश चालणारी लहान गाडी आठवत असेल. लहानसहान फाटे सोडले तर या जाळ्याचे दहा बिंदू होतात: जबलपूर, नैनपूर, मंडला फोर्ट, बालाघाट, कटंगी, गोंदिया, नागभीड, चांदा फोर्ट, नागपूरचे इतवारी आणि छिंदवाडा. कडाही दहाच. त्यांपैकी सहा मिळून एक मोठे चक्र होते: नैनपूर-बालाघाट-गोंदिया-नागभीड-इतवारी-छिंदवाडा आणि परत नैनपूर. उरलेल्या चार कडा या चक्राबाहेर लोंबतात: नैनपूर-जबलपूर, नैनपूर-मंडला फोर्ट, बालाघाट-कटंगी आणि नागभीड-चांदा फोर्ट. या चारही सेतू आहेत, आणि त्यांची चक्रावरील टोके, म्हणजे नैनपूर, बालाघाट व नागभीड, छेदबिंदू आहेत. गंमत अशी की या जाळ्यातले सर्वांत मोठे शहरांपैकी एक असलेले जबलपूर आलेखाच्या दृष्टीने केवळ एक टोकाचे पान आहे. मर्माचे स्थान आहे ते नैनपूर या लहानशा गावाचे. तेथे तीन नव्हे, चार दिशांच्या कडा एकत्र येतात.

१९९० च्या दशकात गोंदिया-नागभीड-चांदा हा मार्ग ब्रॉडगेज झाला. प्रवाशांच्या दृष्टीने ही सुधारणाच होती. परंतु नॅरोगेजच्या आलेखातून त्याच वेळी दोन कडा गेल्या. चांदा त्या आलेखातून सुटला, चक्र मोडले, आणि उरलेले नऊ बिंदू व आठ कडा मिळून वृक्ष झाला. म्हणजे त्या दिवसापासून लहान गाडीच्या जाळ्यातील प्रत्येक कडा सेतू बनली. रूळांचे माप बदलणे हा एका आलेखातून कडा काढून दुसऱ्यात टाकण्याचा व्यवहार आहे. एकाचे बळ वाढते तसे दुसऱ्याचे घटते.

मापांचा विषय निघालाच आहे तर त्यातूनच एक सुंदर प्रमेय सांगता येईल. समजा, काही शहरे आहेत आणि त्यांतील प्रत्येक दोन शहरांमध्ये थेट मार्ग आहे. मात्र तो ब्रॉडगेज तरी आहे किंवा नॅरोगेज तरी. कोणती जोडी कोणत्या मापाची, याला काहीही नियम नाही. तरीही या दोहोंपैकी निदान एक माप असे असते की केवळ त्याच मापाच्या गाडीने सर्व शहरे फिरता येतात. सिद्धता थोडक्यात अशी. ब्रॉडगेजचा आलेख संलग्न असेल तर प्रश्नच नाही. तो संलग्न नसेल तर त्याचे दोन किंवा अधिक घटक असतील. निरनिराळ्या घटकांतील कोणत्याही दोन शहरांमध्ये ब्रॉडगेज नाही, म्हणजे थेट नॅरोगेज आहे. एकाच घटकातील दोन शहरे घेतली तर दुसऱ्या घटकातील एखादे शहर निवडावे. त्या शहराशी ही दोन्ही नॅरोगेजने जोडलेली असणार, म्हणून दोन टप्प्यांत प्रवास होतो. गणिताच्या भाषेत: साधा आलेख आणि त्याचा पूरक आलेख यांपैकी एक तरी संलग्न असतोच.

कडा पुष्कळ असल्या तर संलग्नता आपोआप यावी, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. किती म्हणजे पुष्कळ, हे मोजता येते. शिरोबिंदूंची संख्या क्ष मानू. प्रत्येक बिंदूस मिळणाऱ्या कडांची संख्या, जिला त्या बिंदूची कोटी म्हणतात, क्ष वजा एकच्या निम्म्याहून कमी नसेल, तर आलेख संलग्न असलाच पाहिजे. कारण ज्यांच्यात थेट कडा नाही असे दोन बिंदू घेतले, तर त्या दोघांच्या शेजाऱ्यांची मिळून बेरीज निदान क्ष वजा एक होते. पण त्या दोघांना वगळून उरलेले बिंदू क्ष वजा दोनच आहेत. म्हणून निदान एक शेजारी दोघांचा सामाईक असतो आणि त्याच्याद्वारे ते जोडले जातात. मात्र ही अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. लोहमार्गांच्या जाळ्यात बहुतेक ठिकाणी कोटी दोन किंवा तीन असते. पैशाअभावी म्हणा, डोंगरनद्यांमुळे म्हणा, खरी जाळी नेहमी विरळच असतात. त्यांची संलग्नता विपुलतेने टिकत नाही. कडा कोठे आहेत यावर ती टिकते.

याचा प्रत्यय १७ जून २०१५ रोजी आला. त्या दिवशी इटारसी येथील सिग्नल व सांधे यांचे नियंत्रण करणारी केबिन आगीत जळाली. नवी यंत्रणा उभी राहण्यास महिन्याहून अधिक काळ लागला आणि शेकडो गाड्या रद्द करण्यात आल्या. हाताने संकेत देऊन काही गाड्या त्याही काळात नेल्या जात होत्या. तथापि विवेचनासाठी इटारसी हा बिंदू नकाशावरून पूर्णपणे पुसला असे मानू, आणि त्या वेळचा या भागातील ब्रॉडगेजचा आलेख मांडू. बिंदू सात: जबलपूर, इटारसी, बीना, कटनी, बिलासपूर, गोंदिया, नागपूर. या सातांच्या पलीकडे जाणारे मार्ग तूर्त सोडून द्यावे. कडा आठ: जबलपूर-इटारसी, इटारसी-बीना, बीना-कटनी, कटनी-जबलपूर, इटारसी-नागपूर, नागपूर-गोंदिया, गोंदिया-बिलासपूर, बिलासपूर-कटनी. यात सेतू एकही नाही आणि छेदबिंदूही नाही. म्हणूनच इटारसी काढूनही आलेख तुटत नाही. परंतु काय उरते ते पाहावे: सहा बिंदू व पाच कडा, म्हणजे वृक्ष! जबलपूर व बीना दोन्ही कटनीला टांगलेली, आणि कटनीपासून बिलासपूर व गोंदियावरून नागपूरपर्यंत एकेरी साखळी. एका केबिनच्या आगीने या भागातील प्रत्येक मार्गाला सेतूची अवस्था आणली. इटारसीवरून सुमारे साडेपाचशे किलोमीटर असणारा जबलपूर-नागपूर प्रवास या साखळीने आठशे किलोमीटरांच्या वर गेला असता.

वाचक विचारील, की जबलपूरहून गोंदियाच्या दिशेने जाणारा लहान मार्ग तेव्हा चालू नव्हता काय? तो चालू होता. गेज-परिवर्तनासाठी तो बंद झाला त्याच वर्षी ऑक्टोबरपासून. पायी उतरून गाडी बदलणाऱ्या माणसासाठी ती कडा अस्तित्वात होती. कोळशाच्या वाघिणीसाठी किंवा मुंबईच्या थेट गाडीसाठी ती नव्हती. ‘आलेख संलग्न आहे काय?’ असे विचारण्यापूर्वी ‘कोणासाठी?’ हे ठरवावे लागते, आणि कडा त्याप्रमाणे काढाव्या लागतात. गणित हा निर्णय करून देत नाही.

संलग्न आहे की नाही एवढ्यावर न थांबता ती संलग्नता किती बळकट आहे हे मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. आलेख तोडण्यासाठी कमीतकमी किती शिरोबिंदू काढावे लागतात, ही बिंदुसंलग्नता; कमीतकमी किती कडा काढाव्या लागतात, ही कडासंलग्नता. अमेरिकन गणिती हॅस्लर व्हिटनी याने १९३२ मध्ये दाखविले, की बिंदुसंलग्नता कडासंलग्नतेहून मोठी नसते, आणि कडासंलग्नता आलेखातील सर्वांत लहान कोटीहून मोठी नसते. दुसरी गोष्ट तर उघड आहे: सर्वांत लहान कोटीच्या बिंदूला येणाऱ्या सर्व कडा काढल्या की तो एकटा पडतो. पहिली गोष्ट एका चित्राने पटेल. दोन त्रिकोण एका सामाईक टोकाशी जोडून फुलपाखरासारखी आकृती काढावी. तिची कोणतीही एक कडा काढली तरी ती तुटत नाही, दोन काढाव्या लागतात. पण मधला एकच बिंदू काढला की दोन्ही पंख अलग होतात. स्थानकाची हानी मार्गाच्या हानीपेक्षा भारी असते, असा याचा व्यवहारातला अर्थ आहे.

जबलपूर-नैनपूर-गोंदिया मार्ग पुढील सहाएक वर्षांत ब्रॉडगेज झाला, आणि आपल्या आलेखात नैनपूर हा आठवा बिंदू व दोन नव्या कडा आल्या. दोन कडा म्हणजे किरकोळ भर वाटते. पण आता जबलपूर, इटारसी, कटनी व गोंदिया ही चार जंक्शने एका कागदावर मांडावी. इटारसी व कटनी बीनावरून जोडलेली, कटनी व गोंदिया बिलासपूरवरून, गोंदिया व इटारसी नागपूरवरून. जबलपूर हे इटारसी व कटनी यांना थेट जोडलेले, आणि गोंदियाला नैनपूरवरून. चारांपैकी प्रत्येक दोघांना जोडणारी स्वतःची स्वतंत्र वाट आहे, आणि सहा वाटांपैकी कोणतीही दुसरीला मध्येच कोठे मिळत नाही. नैनपूरची वाट ही यातली सहावी, आतापर्यंत उणी असलेली. आता पुन्हा इटारसी पुसून पाहावे: जबलपूर-कटनी-बिलासपूर-गोंदिया-नैनपूर-जबलपूर हे चक्र शाबूत राहते, सेतू केवळ कटनी-बीना व गोंदिया-नागपूर एवढेच होतात. जबलपूरहून नागपूरला जाण्यास तर या नव्या वाटेने अंतर साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे इटारसीच्या मूळ वाटेहूनही कमी पडते.

जबलपूर व गोंदिया यांमध्ये आता तीन पथ आहेत: नैनपूरवरून एक, इटारसी-नागपूरवरून दुसरा, कटनी-बिलासपूरवरून तिसरा. दोन टोके सोडली तर या तिघांत एकही बिंदू सामाईक नाही. तेव्हा या दोन शहरांचा संबंध तोडावयाचा तर प्रत्येक पथावरील निदान एक, असे तीन बिंदू बंद करावे लागतील, हे उघड आहे. उघड नाही ते याचे उलट विधान: थेट कडेने न जोडलेल्या दोन बिंदूंना तोडण्यासाठी तीन बिंदूंपेक्षा कमी पुरत नसतील, तर त्यांच्यात परस्परांस न भेटणारे तीन पथ असलेच पाहिजेत; आणि तीनच्या जागी कोणतीही संख्या घातली तरी हे खरे राहते. व्हिएन्नाचा गणिती कार्ल मेंगर याने १९२७ मध्ये हे प्रमेय मांडले. त्याच्या सिद्धतेतील एक सांधा कच्चा राहिला होता, तो हंगेरियन गणिती डेनेश कोनिग याच्या कामामुळे पक्का झाला. आलेखांवरचे पहिले पाठ्यपुस्तक १९३६ मध्ये लिहिणारा तो हाच. तोडणाऱ्याचा कमीतकमी खर्च आणि जोडणाऱ्याची जास्तीतजास्त शक्यता या दोन संख्या नेमक्या सारख्या असतात, असे हे प्रमेय सांगते.

आठ बिंदूंच्या या आलेखाची कडासंलग्नता मात्र अजून दोनच आहे, आणि बिंदुसंलग्नताही दोनच. बीना, बिलासपूर, नागपूर व नैनपूर यांची कोटी या नकाशापुरती दोन आहे, आणि व्हिटनीच्या नियमाने त्यापलीकडे जाता येत नाही. इटारसी व कटनी एकाच वेळी बंद पडल्या तर बीना एकटी पडते. जबलपूर, नैनपूर, गोंदिया, नागपूर व बिलासपूर यांच्यात त्या स्थितीतही ये-जा चालू राहील, पण आता मात्र एकेरी साखळीनेच: बिलासपूर व नागपूर दोन्ही गोंदियाला टांगलेली, आणि गोंदियापासून नैनपूरवरून जबलपूरपर्यंत एकच वाट.